खुनाच्या आरोपीला जामीन मिळतो तरी कसा?

तिसरा मजला (सोमवार, रात्री १०.१२)

परवा सकाळी साडेसहाला दूध आणायला खाली उतरलो. डेअरीवर माझ्या पुढे दोघं होते. त्यातला एक वळला आणि मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पोराचा खून झाला, त्यातल्या चार आरोपींपैकी हा एक. त्याने अर्धा लिटर घेतलं, सुटे मोजून दिले, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ओळखीचं कुणी दिसलं की आपण हलवतो तशी.

त्या केसमध्ये मी साक्षीदार आहे.

(हा परिच्छेद लेखकाच्या विनंतीवरून काढला आहे. – व्यवस्थापक)

चौदा महिन्यांत बाहेर! मी कायदा शिकलेला नाही, बँकेत होतो. मला एवढंच विचारायचं आहे की न्यायाधीश नेमकं काय बघून सोडतात? आमच्याच वस्तीतल्या एका ऑटोवाल्याचा पोरगा गांजाच्या केसमध्ये तीन वर्षांपासून आत आहे, त्याचे अर्ज फेटाळले जातात. म्हणजे गांजा खुनापेक्षा मोठा झाला का?

बायकोला अजून सांगितलेलं नाही.

बर्डीचा बंड्या

अर्धाच लिटर घेतलं म्हंजे घरी मानसं कमी हायेत. (हलकं घ्या.)

पन भाऊ, काहून टेन्शन घेऊन राहिले? कोर्टानं सोडलं म्हंजे कायतरी पाह्यलं असन न.

काळा कोट

तिसरा मजला, सगळ्यात आधी एक करा. त्या रात्री तुम्ही बाल्कनीतून काय पाहिलं हे जे तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय ते आत्ताच्या आत्ता काढा. व्यवस्थापकांना निरोप पाठवा. उद्या उलटतपासात बचावाचा वकील हाच धागा छापून आणेल आणि विचारेल, "पोलिसांना तुम्ही 'तिघं पळाले' सांगितलं, इथे 'तिघं-चौघं' लिहिलंय, यातलं खरं कोणतं?" मी त्या बाजूला असतो तर मीही विचारलं असतं.

बाकीचं रात्री लिहितो. उद्या बोर्डावर तीन मॅटर आहेत.

पुणेकर बाय चॉईस

यात एवढं अवघड काय आहे? खुनाचा आरोप म्हणजे खटला संपेपर्यंत आत, असा सरळ नियम करा. विषय संपला.

कन्हान

@पुणेकर, माझा भाऊ ३०२ मध्ये सव्वादोन वर्षं आत होता. जामीन दोनदा फेटाळला. खटला चालला, निर्दोष सुटला. फिर्यादीने नाव घेतलं होतं ते जुन्या शेताच्या भांडणावरून. त्या रात्री भाऊ कामठीला हळदीच्या जेवणात होता. तिथले फोटो पोलिसांना दाखवले, ते म्हणाले कोर्टात दाखवा. कोर्टात वकील म्हणाले, हे आत्ता नाही, खटल्यात दाखवायचं.

सव्वादोन वर्षं आई दर पंधरा दिवसांनी वर्धा रोडला जेलच्या मुलाखतीला जायची. सकाळी नंबर लावायचा, आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, मग बसून राहायचं. एकदा तिळाचे लाडू नेले तर आत घेतले नाहीत. रहाटे कॉलनीच्या बस स्टॉपवर बसून तिने ते एका भिकाऱ्याला दिले आणि रडली. आजही मेट्रोत बसली की अजनी चौक येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करत नाही.

तुमच्या सरळ नियमात माझ्या भावाचं काय करायचं?

पुणेकर बाय चॉईस

वैयक्तिक घेऊ नका. मी तत्त्वाबद्दल बोलत होतो.

बर्डीचा बंड्या

तत्त्व पुन्याले, जेल नागपूरले. मस्त वाटनी हाये.

काळा कोट

आता मुद्द्याकडे.

जामिनाच्या अर्जात "यानं खून केला का?" हे न्यायाधीश ठरवत नाहीत. त्यांच्यापुढे प्रश्न असतो की खटला लागेपर्यंत या माणसाला आत ठेवण्याचं कारण काय. पुरावा बघतात, पण वरवर, प्रथमदर्शनी. साक्षीदार खरा की खोटा याचा काथ्याकूट तिथे करायचा नसतो. म्हणूनच @कन्हान यांच्या भावाचे हळदीचे फोटो कुणी हातात घेतले नाहीत. वाईट वाटतं, पण रीत तीच आहे. नाहीतर प्रत्येक जामीन अर्जाचाच एक खटला होईल.

मग बघतात काय? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये प्रशांत कुमार सरकार प्रकरणात हे सगळं एका जागी मांडलंय आणि आम्ही सगळे तेच घोकतो. प्रथमदर्शनी केस उभी राहते का, आरोप किती गंभीर, शिक्षा किती होऊ शकते, आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुन्हा गुन्हा करेल का, त्याची मागची पार्श्वभूमी काय. वाचायला सोपं आहे. पण यातल्या कशाला किती वजन द्यायचं ते त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातात असतं. त्यामुळेच एका कोर्टात फेटाळलेला अर्ज दुसऱ्या कोर्टात मंजूर होतो आणि लोक म्हणतात, पैसे दिले असतील.

खरं काय घडतं ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात माझा असाच एक अर्ज होता, पाच आरोपी, चारशेच्या वर पानांची चार्जशीट. मी अर्धा तास बोलायची तयारी करून गेलो होतो. साहेबांनी तीन कागद मागितले: पीएम नोट्स (म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल), प्रत्यक्षदर्शीचा जबाब आणि हत्यार जप्तीचा पंचनामा. अंगावर जखमा किती, त्यातली जीव घेणारी कोणती, ते हत्यार कोणाकडून निघालं आणि माझ्या आरोपीच्या हातात साक्षीदाराने काय दाखवलंय. नऊ-दहा मिनिटांत सगळं उरकलं. सरकारी वकिलांनी "गुन्हा गंभीर आहे, तीव्र विरोध" म्हटलं. ते प्रत्येक अर्जाला तेच म्हणतात, त्यामुळे त्या वाक्याला आता धार उरलेली नाही.

तुमच्या केसमधल्या चौघांवर एकच कलम लागतं, समान उद्देश म्हणून. खटल्यात चौघांनाही जन्मठेप होऊ शकते. पण जामिनाच्या वेळी प्रत्येकाची भूमिका वेगळी काढून बघतात. चाकू मारणारा आत आणि बाजूला उभा असलेला बाहेर, हे रोजचं आहे. त्यात चार्जशीट दाखल झाली की तपासासाठी कोठडीची गरज आहे, हे पोलिसांचं म्हणणंही गळून पडतं.

झिरो माईल

हे सगळं मॅजिस्ट्रेट बघतात की सेशन्स? आमच्या ओळखीत एकाचा अर्ज खाली फेटाळला होता, मग वर गेला.

निवृत्त शिरस्तेदार

फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटचे हात बांधलेले असतात. स्त्री, अल्पवयीन, आजारी किंवा अशक्त माणूस असेल तरच त्यांना काही करता येतं. म्हणून खुनाचा अर्ज सेशन्सला जातो, तिथे नाही झाला तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. पूर्वी आम्ही जामिनाच्या कलमांचे ४३७, ४३८, ४३९ असे आकडे जपमाळेसारखे म्हणायचो. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, आता ४८०, ४८२ आणि ४८३. आकडा बदलला तरी टेबलावरची फाईल तीच आणि तेवढीच जाड.

आणखी एक सांगतो, वकीलसाहेब हे सहसा सांगत नाहीत. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं नाही. मी एकतीस वर्षं टेबलावर हे बघितलंय. ऑर्डर होते, नातेवाईक पेढे आणतात. मग कळतं की जामीनदार पाहिजे, त्याची ऐपत दाखवणारे कागद पाहिजेत, सातबारा किंवा घराची टॅक्स पावती पाहिजे, आणि माणूस खरा आहे हे पटायला पाहिजे. पारडीच्या झोपडपट्टीतल्या माणसाला पन्नास हजारांची ऐपत असलेला नातेवाईक कुठून मिळणार? मग कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार उभे असतात. तेच चेहरे, तोच सातबारा. आम्ही कागदावर शिक्का मारून नोंद करायचो, म्हणजे तोच माणूस दुसऱ्या कोर्टात उभा राहू नये. तरी राहायचे. एकाला मी विचारलं होतं, "काय हो, तुमचे नातेवाईक किती?" तो म्हणाला, "साहेब, अख्खं सेंट्रल जेल."

१९७८ मध्ये मोती राम म्हणून मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते खोडून काढलं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह नको, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. यावरून काय ते समजा.

बर्डीचा बंड्या

"अख्खं सेंट्रल जेल" 😂 काका, तुमी एक वेगळा धागा काढाच. जिल्हा कोर्टाच्या कॅन्टीनचा समोसा अजून तसाच हाये का? मी एका चलानापायी गेल्तो तेव्हा खाल्ला होता, चलान भरलं पन समोसा पचला नाही.

निवृत्त शिरस्तेदार

समोसा सोडा, तिथली तर्री खाऊन दाखवा. तिला कुठलंच कोर्ट जामीन देणार नाही.

झिरो माईल

काका __/\__

जरा गंभीर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालूच आहे. शंभरातले जवळजवळ शहात्तर.

पुणेकर बाय चॉईस

पण अर्धी शिक्षा भोगून झाली की कच्च्या कैद्याला सोडतात ना? आता तर पहिल्याच गुन्ह्याला एक तृतीयांश केलंय असं वाचलं.

काळा कोट

बरोबर वाचलंत, नव्या संहितेचं कलम ४७९. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे त्याला ते लागू नाही. शिवाय एकापेक्षा जास्त प्रकरणं असतील तरी लागू नाही. इथे ज्याची चर्चा चाललीय त्याला त्याचा उपयोग शून्य.

पुरणपोळी

इतका वेळ वाचत होते, लिहायचं नव्हतं. या धाग्यावर आरोपीचा भाऊ आला, वकील आले, कारकून आले. मेलेल्याच्या घरचं कुणी आलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या मावसभावाला पाच वर्षांपूर्वी मारलं. कुठे ते लिहीत नाही. आरोपीला जामीन झाला ते आम्हाला कळलं व्हॉट्सॲपवर, त्याच्या मित्रांनी हारतुरे घातलेला व्हिडिओ टाकला तेव्हा. मागे ढोल वाजत होता. मावशी तेव्हा भाकरी करत होती, तव्यावरची जळून गेली तरी तिला कळलं नाही. सुनावणीची तारीख आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. सरकारी वकील आमच्या बाजूचे म्हणे, पण त्यांनी मावशीचं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं.

@कन्हान, तुमच्या आईबद्दल वाचून पोटात कालवलं. पण तुमचा भाऊ जिवंत बाहेर आला.

कन्हान

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काळा कोट

पुरणपोळी ताई, तुमची तक्रार रास्त आहे आणि कोर्टाने ती ऐकलीय, उशिरा का होईना. लखीमपूर खीरीच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाने दिलेला जामीन रद्द केला. पीडिताच्या घरच्यांना नीट ऐकलं नाही, हे त्यातलं एक मोठं कारण होतं. जामिनाच्या टप्प्यावरही पीडिताला बोलायचा हक्क आहे असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत तर कायद्यातच आहे. तेव्हा सरकारी वकिलाच्या भरवशावर न राहता स्वतःचा वकील लावून हस्तक्षेप अर्ज टाकता येतो.

पुरणपोळी

आता माहीत आहे. दुसऱ्या आरोपीच्या वेळी लावला होता. तीन मिनिटं मिळाली. पण त्या तीन मिनिटांत साहेबांनी मान वर करून मावशीकडे पाहिलं. अर्ज फेटाळला. कशामुळे ते माहीत नाही, मावशी म्हणते तिच्यामुळे.

झिरो माईल

नागपूरकरांनी जामिनाची चर्चा करायची आणि गुंड अक्कू यादवचं नाव निघायचं नाही असं कसं होईल? १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबा नगरच्या बायकांनी त्याला भर कोर्टात संपवलं. हा पुन्हा जामिनावर सुटणार, अशी वस्तीत बोलवा होती. वर्षानुवर्षं तक्रारी करून काही झालं नव्हतं.

पुणेकर बाय चॉईस

त्या बायकांना सलाम. असंच पाहिजे.

निवृत्त शिरस्तेदार

असं म्हणू नका. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होतो, पण त्यानंतर त्या इमारतीत काम केलंय. कोर्टाच्या खोलीत माणूस मारला जातो तेव्हा तिथले कारकून, शिपाई, पट्टेवाले पुढची कित्येक वर्षं दार वाजलं की दचकतात. खटला दहा वर्षं चालला, २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या बायकांचा राग खोटा नव्हता. पण लोकांचा जामिनावर विश्वास उरला नाही की काय होतं याचं ते उदाहरण आहे. टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही त्यात.

तिसरा मजला

सगळ्यांचे आभार, वाचतोय. पण गांजाचं उत्तर राहिलं.

काळा कोट

हो, राहिलं. गांजा वीस किलोच्या वर असेल तर कायद्याच्या भाषेत ते व्यापारी प्रमाण, आणि मग एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम ३७ आडवं येतं. तिथे नियम उलटा होतो. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी दोन्ही बाबतीत न्यायाधीशाची खात्री पटावी लागते, तीही खटला सुरू व्हायच्या आधी. मकोकाच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या कायद्याच्या, कलम २१(४) मध्येही तेच. यूएपीएत, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्यात, शब्द वेगळे, परिणाम तसाच. खुनाच्या साध्या कलमाला अशी अट नाही. म्हणून खुनातला बाहेर आणि गांजा सापडलेल्या टेम्पोचा क्लीनर आत. क्लीनर म्हणतोय पोत्यात काय होतं मला माहीत नाही, पण ते सिद्ध करायला त्याला साक्षीपर्यंत थांबावं लागतं.

चार्जशीटचीही गंमत ऐका. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो, मग आरोप कितीही भयंकर असो. बाकीच्यांना साठ दिवस. मकोका आणि यूएपीएत हीच मुदत एकशे ऐंशीपर्यंत वाढवता येते. पहिला रिमांड झाला तो दिवसही मोजायचा, हे २०२३ मध्ये पक्कं झालं, त्याआधी त्या एका दिवसावरून आम्ही हायकोर्टात भांडायचो. पण अर्ज चार्जशीट येण्याआधी पडला पाहिजे. माझा एक ज्युनियर सकाळी दहाला कोर्ट उघडायच्या आधीच दारात उभा होता आणि तपास अधिकारी गठ्ठा घेऊन जिन्यावर. ज्युनियर पळतो बरा, म्हणून माणूस सुटला.

झिरो माईल

म्हणजे यूएपीएमध्ये एकदा गेला की गेला?

काळा कोट

अगदी तसं नाही. २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खटला लवकर संपायची शक्यता नसेल आणि माणूस बराच काळ आत असेल, तर राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, पुढे येतं आणि हे अडथळे वितळतात. आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. नागपूर विद्यापीठातल्या इंग्रजीच्या प्राध्यापिका शोमा सेन यांना एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली जून २०१८ मध्ये अटक झाली, जामीन ५ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टातून मिळाला. खटल्याचा निकाल नाही, आणि सहा वर्षं होत आली होती. त्यात कोर्टाने पुढे जाऊन हेही म्हटलं की आरोप प्रथमदर्शनी खरे वाटत नाहीत, तेव्हा तो अडथळा इथे लागतच नाही.

पुणेकर बाय चॉईस

आता नक्षल्यांची बाजू सुरू झाली का?

व्यवस्थापक

राजकारण दुसऱ्या धाग्यावर. इथले चार प्रतिसाद काढले आहेत.

बर्डीचा बंड्या

माहा पन उडवला! मी तर फक्त "नवतपा लागला" असं लिवलं होतं.

व्यवस्थापक

तुम्ही कोणाच्या डोक्याला लागला तेही लिहिलं होतं.

तिसरा मजला (शनिवार, दुपारी ३.५०)

चार दिवसांनी येतोय. मुलीने ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून ऑर्डर काढून दिली. इंग्रजी सहा पानं, चष्मा लावून दोनदा वाचली. वकीलसाहेब म्हणाले तसंच निघालं. चौथ्या आरोपीचा अर्ज. छातीवरचा एकच वार जिवावर बेतलेला, तो पहिल्या आरोपीचा, चाकूही त्याच्याचकडून जप्त. याच्यावर आधीचा एकही गुन्हा नाही. चार्जशीट दाखल, एकतीस साक्षीदार, अजून आरोप निश्चितीही नाही, खटला लवकर संपण्याची शक्यता नाही. पन्नास हजारांचा जातमुचलका आणि तेवढाच एक जामीनदार.

पण पाचव्या पानावर मी थांबलो. तिथे लिहिलंय की साक्षीदार क्रमांक ७ च्या जबाबानुसार हा आरोपी गाडीजवळ उभा होता, त्याच्या हातात काही असल्याचं साक्षीदार म्हणत नाही.

क्रमांक ७ म्हणजे मी.

डेअरीवर त्याने मान का हलवली असेल, ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. धमकी असेल असं धरून चाललो होतो. आता वाटतं, कदाचित आभार मानत असेल. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

काळा कोट

साहेब, तुम्ही ऐकत नाही! क्रमांक पण काढा.

असो. तुम्ही जे पाहिलं तेच सांगितलंत, कमीजास्त काही केलं नाहीत, खटल्यातही तेच सांगायचंय. अटी काय आहेत ते लिहा. तिकडे तुमच्या कामाचं काही असेल.

तिसरा मजला

साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुसऱ्या एका ठाण्यात हजेरी. आणि आमच्या ठाण्याच्या हद्दीत कोर्टाची तारीख सोडून पाऊल टाकायचं नाही, खटला संपेपर्यंत.

पुरणपोळी

अहो मग तो डेअरीवर आला कसा? सरळ अट मोडली की!

काळा कोट

असं असेल तर तपास अधिकाऱ्याला किंवा सरकारी वकिलांना लेखी कळवा. अटी मोडल्या की कलम ४८३(३) खाली जामीन रद्द करायचा अर्ज होतो. मुळात जामीन द्यायलाच नको होता, हा वाद वेगळा आणि तो मिळाल्यावर गैरवापर केला, हा वेगळा. दुसऱ्यासाठी ठोस घटना लागते, नुसती भीती पुरत नाही. शिवाय २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात. फुकट आहे. लाजू नका.

निवृत्त शिरस्तेदार

लेखी द्याल तर पोच घ्या. शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. "ठेवून जा काका" म्हणाले तर ठेवून येऊ नका.

तिसरा मजला (मंगळवार, रात्री ९.०५)

काल ठाण्यात गेलो होतो. हवालदार भला माणूस, बसवलं, चहा दिला. ऑर्डर वाचली, मग भिंतीवरच्या हद्दीच्या नकाशासमोर मला नेलं आणि पेन ठेवून दाखवलं. आमची गल्ली, आमची इमारत, हा रस्ता. रस्त्याच्या अलीकडे त्यांची हद्द. पलीकडे दुसरं ठाणं. डेअरी पलीकडे आहे.

माझ्या बाल्कनीतून त्या डेअरीचा पत्रा दिसतो. मोजली, रस्ता ओलांडून त्रेसष्ट पावलं. त्याची मावशी राहते म्हणे तिकडे मागच्या गल्लीत, तिच्याकडे उतरलाय. पत्ता कोर्टात दिलेला आहे, सगळं रीतसर.

अर्ज तरी दिलाय. पोच घेतली, सही-शिक्क्यासकट. संरक्षणाच्या अर्जाचा नमुना वकीलसाहेबांनी पाठवला, तो भरतोय.

दूध सध्या आमच्या बाजूच्या किराणातून पिशवीचं आणतो. बायको दोनदा विचारून झाली, डेअरी का सोडली म्हणून.

बर्डीचा बंड्या

सांगा न वहिनीले, पानी घालून राहिले होते म्हून.